रेती, कानस आणि मागचं मडगार्ड

माझ्या सायकलच्या मागच्या टायरमध्ये आणि त्याच्यावरच्या ब्रेकमध्ये जी फट होती, तिच्यातून पेन्सिल जात नव्हती. मी घालून पाहिली होती. पोस्टकार्ड दुहेरी घडी करून घातलं तर जात होतं, तेही टायरला घासत. त्या फटीत मला मडगार्ड बसवायचं होतं, आणि सोमवारच्या आत बसवायचं होतं.

सायकल माझी म्हणतो, पण ती मुळात एका जर्मन इंजिनियरची. नोएडातल्या आमच्या कारखान्यात कॅसेट-प्लेयरचे सुटे भाग बनायचे. देशाचे दरवाजे नुकतेच उघडले होते आणि त्यातून आमच्याकडे दोन मोठी मशीनं आली. ती बसवायला आलेला हा माणूस आठ महिने राहिला. येताना स्वतःची रेसिंग सायकल विमानातून घेऊन आला आणि जाताना मला देऊन गेला. मलाच का? बाकीचे त्याला ती कितीची म्हणून विचारायचे. मी एकटाच ती चालते कशी ते विचारायचो. अंगठ्याएवढे टायर, खाली वाकलेलं हँडल, आणि मडगार्ड नाही. नुसतं नाही असं नाही, ते लावायला सांगाड्यावर एक भोकसुद्धा ठेवलेलं नाही. त्याच्या देशात बहुधा हौशी लोक ती कोरड्या दिवशी चालवत असतील.

राहायला मी दिल्लीत, मयूर विहारला, आणि तिथून नोएडापर्यंत ती रोज चालवायचो. बसने जायचं तर दोन बस आणि मग वीस मिनिटं चालायचं, शिवाय सातच्या शिफ्टला पोचायची खात्री नाही. सायकलने पस्तीस मिनिटं. अडचण रस्त्याची होती. तेव्हा नोएडात सेक्टरचे आकडे आधी यायचे आणि रस्ते मागाहून. प्रत्येक वळणावर गटारासाठी खोदलेलं, प्रत्येक अर्धवट इमारतीसमोर टँकरने ओतलेलं पाणी. पावसाळ्यात तर विचारूच नका. मागचं चाक तो सगळा चिखल उचलायचं आणि माझ्या कमरेपासून मानेपर्यंत सरळ रेघेत मारायचं.

माझ्यासोबत खोलीत राहणारा मित्र लातूरकडचा, यूपीएससीचा अभ्यास करायचा. मी संध्याकाळी आलो की तो पुस्तकातून मान वर काढायचा. "आला बघा, शेपूट घेऊन आला. लेका, माकडाची माणसं झाली असं वाचलंय मी, तुझं उलटं चाललंय."

एक आठवडा मी पिशवीत दुसरा शर्ट नेला. कारखान्याच्या संडासात चोरासारखा बदलायचो. पण चिखल केसांत असायचा, पँटच्या बैठकीला असायचा, आणि दर मिनिटाला कुणीतरी दार वाजवायचं. सोडून दिलं. घाण उडाल्यावर पुसायची कशाला, ती उडूच नये, असं मी ठरवलं.

माझे वडील जिनिंग मिलमध्ये रुईच्या गाठी उचलायचे. घरी यायचे तेव्हा भुवयांपर्यंत पांढरे असायचे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. बी.एस्सी., फिजिक्स. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवण्याची कला मी शिकलेलो नाही. म्हणून त्या शुक्रवारी सुपरवायझर जे बोलला ते मला फार लागलं.

मी तपासणीच्या टेबलावर होतो. व्हर्नियर घेऊन एकेक भाग मोजायचा, बसतो तो पुढे, नाही तो बाजूला. अजून कायम झालो नव्हतो. सुपरवायझर माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ग्रेजुएट हो न तुम? तो भैंस की तरह कीचड़ में लोट के क्यों आते हो?"

लोक हसले.

मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "देखो, सोमवार को बड़े लोग आ रहे हैं. बाहर से. वो इस गलियारे से निकलेंगे और तुम्हारी पीठ गलियारे की तरफ़ है. सबसे पहले उनको तुम्हारी पीठ दिखेगी. साफ़ आए तो टेबल तुम्हारी. नहीं तो गोदाम में एक आदमी चाहिए मुझे."

गोदाम म्हणजे खोकी उचलायची. उचलण्यात कमीपणा नाही, माझ्या वडिलांनी तीस वर्षं उचललं. पण त्यांनी ते मी उचलू नये म्हणून उचललं होतं.

शनिवारी दुपारी सुटल्यावर मी साध्या सायकलचं काळं पत्र्याचं मडगार्ड विकत घेतलं आणि मिस्त्रीकडे गेलो. हा बुलंदशहरकडचा म्हातारा. एका अर्धवट सोसायटीच्या कुंपणाला टेकून त्याचं दुकान, म्हणजे एक पेटी, एक घमेलं पाणी आणि भिंतीच्या खिळ्याला लटकवलेले टायर. मला तो 'इंजीनियर साहब' म्हणायचा. मी इंजिनियर नाही हे तीनदा सांगून झालं होतं.

त्याने सायकल उलटी केली, मडगार्ड हातात घेतलं, दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं. "यह गाड़ी मडगार्ड की जात की नहीं है, इंजीनियर साहब."

"बसवायचंच आहे," मी हिंदीत सांगितलं. "सोमवारच्या आत."

"बेच दो इसको. काली सायकल लो. मडगार्ड भी, घंटी भी, पीछे बीवी भी बैठेगी."

"बीवी नाही अजून."

"इस गाड़ी पे आएगी भी नहीं."

मी हललो नाही. मग त्याने मडगार्ड मागच्या चाकावर धरून पाहिलं. ब्रेकपाशी सांगाड्याचे दोन दांडे जवळ येतात, तिथे पत्रा दोन्ही बाजूंनी अडत होता. त्याने नखाने पत्र्यावर दोन खुणा केल्या. "यहाँ दोनों तरफ़ रेती मारनी पड़ेगी. मेरी वाली घिस गई है. तुम बाज़ार से ले आना, बारीक वाली. मोटी मत लाना. कल सुबह आओ."

मी म्हटलं, ठीक. मडगार्ड घेऊन निघालो. आणि खरं सांगतो, माझ्या मनात शंकेचा कणसुद्धा आला नाही. रेती म्हणजे वाळू. आमच्याकडे बांधकामाची वाळू म्हणजे रेतीच. ती बाजारातून कशाला आणायची? नोएडात तेव्हा माणसांपेक्षा रेती जास्त होती. सोसायटीच्या चौकीदाराला विचारून मी ढिगातून पिशवीभर उचलली. बारीक हवी म्हणाला होता, म्हणून खोलीवर येऊन चहाच्या गाळणीने चाळली.

"ती गाळणी माझी आहे," मित्र म्हणाला.

"धुऊन देतो."

"आणि करतोयस काय?"

"रेती मारतोय."

म्हटलं, उद्या म्हाताऱ्याकडे वेळ जाण्यापेक्षा आपणच मारून नेऊ. घरी आई पितळेची भांडी रेतीने घासायची ते पाहिलेलं होतं. ओल्या फडक्यावर रेती घेतली आणि नखाच्या खुणांवर घासायला बसलो. संध्याकाळ गेली. बोटांची सालं निघाली. काळा रंग उडाला, खालून लख्ख पत्रा निघाला, पण कड केसभरसुद्धा कमी होईना. मी आणखी जोरात घासलं. मित्राने जवळ येऊन त्यात आपला चेहरा पाहिला. "छान झालंय. रुखवतात मांड आता."

रविवारी सकाळी मी मडगार्ड आणि उरलेल्या रेतीची पिशवी मिस्त्रीपुढे ठेवली. त्याने पिशवीत हात घातला, मूठभर बाहेर काढली, माझ्याकडे पाहिलं.

"यह क्या है?"

"रेती. बारीक वाली. छान के लाया हूँ."

"छान के," तो म्हणाला. दोनदा म्हणाला. मग पेटीतून एक झिजलेलं, दातेरी लोखंड काढून माझ्या नाकासमोर धरलं. "साहब, रेती यह होती है."

"ही कानस आहे!" मी मराठीतच ओरडलो.

"क्या?"

"हमारे यहाँ इसको कानस बोलते हैं."

"कान-स?" त्याने स्वतःचा कान धरला. मग तो जो हसायला लागला, तो भिंतीचा आधार घेऊन हसला. शेजारच्या पानवाल्याला हाक मारून सांगितलं, मजुरांना सांगितलं. "बी.एस.सी. किया है इन्होंने! रात भर बालू से लोहा काट रहे थे!" पानवाला खास बघायला आला. मला राग आला होता, पण माझ्या सोललेल्या बोटांकडे पाहून मलाही हसू फुटलं. काय करणार? शब्द ओळखीचा वाटला की माणूस विचारत नाही. परका असता तर विचारलं असतं.

मी सायकल घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि खरीखुरी बारीक रेती, म्हणजे कानस घेऊन आलो. म्हाताऱ्याने दहा मिनिटांत दोन्ही खाचा काढल्या. पत्रा दांड्यांमध्ये बसला. बाजूंचा प्रश्न सुटला, पण वरचा तसाच. ब्रेकखाली पत्रा गेला की टायरवर टेकायचा. चाक फिरवलं की खर्र आवाज यायचा आणि दोन फेऱ्यांत थांबायचं.

"हो गया," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "इससे ज़्यादा ऊपरवाला जगह देगा तो होगा."

मी जमिनीवर बसलो. कारखान्यातलं व्हर्नियर आणता आलं असतं, पण कंपनीची वस्तू मी घरी नेत नसे. घरून आलेलं पोस्टकार्ड खिशात होतं, बहिणीच्या अक्षरातलं. तेच घडी घालून फटीत सरकवत गेलो. ब्रेकखाली दुहेरी घडी जेमतेम. ब्रेकच्या पुढे आणि मागे मात्र चार घड्या आरामात. म्हणजे सगळी अडचण त्या एका जागेची, बोटभर रुंदीची. मग मला प्रश्न पडला की मडगार्ड त्या जागेतून न्यायचंच कशाला? चिखल माझ्या पाठीवर येतो तो ब्रेकच्या मागच्या भागातून. ब्रेकच्या पुढचा उडाला तर सांगाड्यावर उडेल, सांगाड्याला कुणी मोठी माणसं बघायला येत नाहीत.

"इथे कापा," मी बोट ठेवलं.

"काटोगे तो टिकेगा किसपे?"

"ब्रेकच्याच बोल्टवर. एक पट्टी वाकवून."

"और नीचे? छेद तो है नहीं."

"नळाच्या पाइपला भिंतीवर धरतात ती क्लिप. दांड्यावर आवळायची, खाली ट्यूबचं रबर."

त्याने पेटीतून करवत काढली. कापताना फक्त एवढंच म्हणाला, "नया मडगार्ड काट रहा हूँ. पाप लगेगा तो तुमको."

दुपार तिथेच गेली. पट्टी पहिल्यांदा उलटी वाकली. एक क्लिप आवळताना तुटली, दुसरी आणली. कापलेली कड टायर फाडू नये म्हणून त्याने ती कानशीने गोल केली, आणि दर वेळी हत्यार मागताना मोठ्याने म्हणायचा, "ज़रा कानस देना!" शेवटी मी चाक फिरवलं. आवाज आला नाही. पोस्टकार्ड चौघडी घालून मडगार्डखालून सगळीकडे फिरवलं, कुठे अडलं नाही.

पुढचं मडगार्ड मात्र झालंच नाही. पुढे चाक इतकं पायाजवळ होतं की वळताना बूट पत्र्यावर आपटला असता आणि मी तोंडावर. ते सोडून दिलं.

सोमवारी पहाटेपासून पाऊस लागून होता. पाऊस वरून येतो त्याला माझ्याकडे रेनकोट होता, तो मी आधी कधी घालत नव्हतो कारण खालून येणारा चिखल त्याच्या आत शिरायचा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मोजे खिशात. खोदलेल्या वळणावर टँकर अडकला होता, त्याच्या कडेने घोटाभर पाण्यातून सायकल घातली. मडगार्डवर आतून चिखलाचा मारा होत होता, तडतड ऐकू येत होती. इतका गोड आवाज मी दिल्लीत दुसरा ऐकलेला नाही. एकदा मागची क्लिप हलल्यासारखी वाटली. उतरलो, पान्याने आवळली, पुन्हा बसलो.

कारखान्याच्या बागेतल्या नळावर पाय धुतले. पोटऱ्यांवर चिखलाचा थर होता, पुढच्या चाकाची कृपा. पँट खाली सोडली, मोजे चढवले. फाटकापाशी सुपरवायझर उभा होता.

"घूमो," तो म्हणाला.

मी रेनकोट काढला आणि फिरलो. शिंप्यापुढे उभं राहतात तसा उभा राहिलो. त्याने कॉलर पाहिली, मग खालपर्यंत.

"बस से आए?"

"सायकल से."

तो शेडपर्यंत चालत गेला. वाकून कापलेला पत्रा पाहिला, क्लिपला अंगठा लावून हलवून पाहिलं. ती हलली नाही. "किसने किया?"

"मिस्त्री ने. और मैंने."

"जाओ, टेबल पे."

दहाच्या सुमारास ती माणसं आली. पाठीमागच्या बोळात बुटांचे आवाज, इंग्रजी, मध्येच सुपरवायझरचं 'येस सर'. मला मागे वळून पाहायची फार इच्छा झाली, पण मी वळलो नाही. एक भाग उचलला, मोजला, पुढे ठेवला. दुसरा उचलला, तो बसत नव्हता, बाजूला ठेवला. पावलं बरोबर माझ्या पाठीमागे थांबली. पांढरा शर्ट होता, इस्त्रीचा, मित्राने सकाळी स्वतः काढून दिलेला. मी तिसरा भाग व्हर्नियरमध्ये धरला आणि आकडा वाचला. मग पुन्हा एकदा वाचला, कारण पहिल्यांदा डोळ्यांना काही दिसलंच नव्हतं.

माझ्या पाठीबद्दल कुणी काही बोललं नाही. पावलं पुढे गेली.