मेश्राम सरांची तब्येत

आमच्या स्टाफरूमच्या कपाटात खडूंचे तुकडे साठतात आणि आमच्या डोक्यात मेश्राम सरांचे किस्से. दोन्ही कोणी फेकत नाही. आमगावजवळची जिल्हा परिषदेची शाळा, शिक्षक तिघंच: हेडमास्तर पटले सर, मेश्राम सर आणि मी. सांगणारे आम्हीच, ऐकणारेही आम्हीच.

*

दोन हजार चार-पाचची गोष्ट. मेश्राम सरांचे गुडघे धरले होते. आठवडी बाजारात बसणाऱ्या एका डॉक्टरनं पुडीत पांढऱ्या गोळ्या बांधून दिल्या. थोड्याच दिवसांत सर पोरांबरोबर कबड्डी खेळायला लागले. मग चेहरा भरला, पोट सुटलं. जो तो म्हणे, "सर, तब्येत बनली हो तुमची!" मी तर त्यांच्या बायकोला विचारलं, काय करून खाऊ घालता म्हणून. ती बिचारी लाजली.

*

सरांची माय इटियाडोहकडच्या गावाहून भेटायला आली. जन्मभर धानाची रोवणी करून गुडघे गेलेली बाई. लेकाला पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कोन्या डाक्टरची दवाई हाय गा?"

सरांनी हौसेनं नाव सांगितलं.

"तो त आमच्याबी बजारात बसते," माय म्हणाली आणि सुपारी कातरत बसली.

*

सर इलेक्शन ड्युटीला गेले. तिथला साहेब ओळखपत्रावरचा फोटो पाहतो, मग सरांना पाहतो. "हा भाऊ आहे का तुमचा?" शेवटी पटले सरांना फोन लावला. पटले सर सरळ माणूस. म्हणाले, "माणूस तोच आहे साहेब, फक्त जास्त झाला."

*

सरांच्या साळ्यानं सांगितलं, गोळ्या गरम पडतात, बंद करा. सरांनी एकदम बंद केल्या. मग एका सकाळी प्रार्थनेला "सावधान" म्हणाले आणि स्वतःच आडवे झाले. उलट्या, घाम, बीपी लागेना. गोंदियाहून नागपूरला न्यावं लागलं. खरं सांगते, मी फार घाबरले होते.

नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. तुमच्या गोळीत स्टेरॉइड होतं. बाहेरून आयतं मिळतंय म्हणून ग्रंथी झोपली. आता गोळी हळूहळूच कमी करायची. एकदम सोडली तर जीव जाऊ शकतो."

पटले सर चक्रावले. "म्हणजे जिनं बिघडवलं, तीच गोळी खायची?"

"हो."

"आन नाही खाल्ली त माणूस मरते?"

"हो."

पटले सर माझ्या कानाशी आले. "मॅडम, हा डाक्टर बरा हाय ना?"

*

गावात बातमी पसरली की सरांची किडनी गेली. पटले सर जो भेटेल त्याला समजावत, "किडनी चांगली हाय, टोपी खराब झाली." दुसऱ्या दिवशी एक पालक सरांसाठी नवी पांढरी टोपी घेऊन आला.

*

मायला यातलं काही कळवलं नाही, सरांचं तिकडं जाणंही झालं नाही. म्हातारीला उगाच घोर नको. गोळीचे तुकडे करत करत वर्षभरानं सर सुटले, चेहरा जागेवर आला. तर लोक हळहळायला लागले, "काऊन सर, खंगून राहिले?"

सर मला म्हणाले, "मॅडम, मी चांगला कधी होतो, हेच मले समजून नाही राहिलं."

*

गोळी सुटल्याचे पेढे घेऊन आम्ही तिघं भाड्याच्या जीपनं मायकडे गेलो. ओसरीवर एक गोल, गोबऱ्या चेहऱ्याची बाई बसली होती.

सरांनी तिला विचारलं, "बाई, माय कुठं गेली?"

बाई हसली. "काऊन गा, आपल्या मायले नाही वळखत?" तिनं गालावरून हात फिरवला. "तुह्यावानीच बनली ना तब्येत?"

सरांनी तिचा हात धरला. "माय, गोळी कवापासून खाऊन रायली?"

"तू सांगतलं तवापासून. आता गुडघे बरे झाले, त कायले खाऊ? परवापासून बंदच केली. आज जरासं गरगरून रायलं, बस."

पटले सरांनी पेढ्यांचा डबा माझ्या हातात कोंबला आणि जीपवाल्याला हाका मारत धावले.