शेवटी टाकायचे काटे

कोरियातल्या आमच्या देगू शहराच्या औषध-गल्लीत गिऱ्हाईक वैद्याआधी काढा उकळणाऱ्या बाईची चौकशी करतं. अर्धा गुण औषधाचा, अर्धा उकळणाऱ्या हाताचा. सोल आडनावाच्या वैद्यांकडे तीस वर्षं हा हात मालसुनचा. मी शेजारी सुकी बोरं विकते.

चार वर्षांपूर्वी तिच्या डाव्या हाताची बोटं आपोआप उडू लागली. ओठ एका बाजूला ओढला जायचा आणि मिनिटभर ती नुसती बघत राहायची. मेंदूच्या एकाच कोपऱ्यातून उठणारी फिट आहे, असं हॉस्पिटलात सांगितलं. गोळ्यांनी फिट कमी झाल्या, थांबल्या नाहीत. अशा बाईच्या हातचा काढा कोण घेणार, या धास्तीनं तिनं ते माझ्यापासूनसुद्धा लपवलं. त्याचा मला आजही राग आहे. वैद्यांकडून औषध घेतलं, तेही गावाकडच्या बहिणीच्या नावानं!

काही काढ्यांत एका वेलीचे वाकडे काटे घालतात. ते शेवटची पाचच मिनिटं उकळायचे. एका सकाळी गिऱ्हाइकाचा काढा चुलीवर असताना, काटे मुठीत धरून मालसुन नेहमीपेक्षा बराच वेळ तशीच उभी राहिली. करपल्याच्या वासानं मी धावले, आतून वैद्यही आले.

भानावर आल्यावर तिनं भांड्यात बघितलं. विस्तवावर खापर फोडता आलं असतं.

"हा काढा फेका, वैद्यकाका," ती म्हणाली. "फिट बहिणीला नाही, मलाच येतात. उद्यापासून दुसरी बाई बघा."

"तुला बहीण आहेच कुठे, पोरी? 'दमलेली दिसतेस' म्हणून दर महिन्याला नाडी कुणाची बघत होतो मी? हॉस्पिटलच्या गोळ्या सोडल्या नाहीस ना?"

"नाही."

"मग झालं तर. खोटं बोलून भांडं वाचवलं असतंस, तर मात्र आजच घरी पाठवली असती." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बोरंवाले, तुझं तोंड दिवसभर चालूच असतं. काट्यांची वेळ झाली की हिला हाक मारत जा."

मालसुन रडली. मीही रडले.

आता तिच्या काढ्याच्या भांड्यावर तिचंच नाव असतं. फिट क्वचितच येते. गोळ्यांमुळे की काढ्यामुळे, ते मला नाही सांगता येणार. हाकेला ओ आली नाही की मी आत जाते, काटे टाकते आणि तिची बोटं शांत होईपर्यंत हात धरून बसते.

"टाकलेस?" भानावर येताच ती विचारते.

"टाकले गं बाई."

तरी उठून भांड्यात डोकावल्याशिवाय तिला चैन पडत नाही.