पाण्याचा लेप

“झाड छापल्यानं सावली पडत नाही,” ताई एकदा एका फिल्मवाल्याला म्हणाली होती.

प्लास्टिक फिल्मचा नवा रोल दाखवायला तो आला होता. रोलच्या वेष्टनावर हिरवंगार झाड होतं, खाली वळणदार अक्षरांत ‘निसर्गस्नेही’. “यात निसर्ग कुठंय तेवढं सांगा,” ताईनं विचारलं. त्यानं रोल पिशवीत घातला. चहा संपवून तो गेला.

छापखाना वडिलांचा. ते गेले तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती आणि भाऊ अकराचा. तिनं मशीन सांभाळलं, भावाला शिकवलं. भाऊ शिकून मालक झाला. ताई मागच्या खोलीतच राहिली. छापलेल्या कागदावर शेवटचा हात तिथं फिरतो. तीस वर्षं ती गरम रोलरखाली कव्हरांना, खोक्यांना प्लास्टिकची पातळ फिल्म चिकटवत आली.

मग एकदा छापखान्यामागचं गटार तुंबलं. खणताना मातीतून तिचंच काम वर आलं, बावीस वर्षांपूर्वीचं कॅलेंडर. कागद केव्हाच गळून गेला होता. फिल्म मात्र शाबूत, आणि तिला चिकटलेल्या शाईतली बाई अजून हसत होती. “मेली मरतच नाही!” ताई म्हणाली. सगळे हसले. ती हसली नाही. स्वतःच्या हातांचा तिला संताप आला होता, आणि तो हातांना काम दिल्याशिवाय उतरणार नव्हता.

चार महिने ती पाण्यात कालवलेल्या वार्निशामागं लागली. हा लेप कागदात मुरतो आणि कागदाबरोबर मातीत जातो. पण तो नाजूक. ओलसर ताव एकावर एक फार चढवले की खालचे एकमेकांना चिकटतात. ताईनं नियम घातला: वीतभर थप्पी, वर फळी, मग पुन्हा वीतभर. मशीनवाला कुरकुरला, “ताई, ही छपाई आहे की पापड वाळवणं?”

“पापड तरी पोटात जातो. तुझी फिल्म कुठं जाते?”

साबण बनवणारी एक बाई खोक्यांसाठी दारोदार फिरत होती. गिऱ्हाइकानं खोका फाडून कुंडीत टाकावा आणि त्याची माती व्हावी, एवढंच तिला हवं होतं. चार छापखान्यांनी तिला झाड छापून दिलं होतं. ताईनं तिच्यासमोर लेपाचा डबा उघडला आणि नमुन्याच्या मागं स्वतः लिहून दिलं, ‘यात प्लास्टिक नाही.’ खाली सही. ताईनं असं लेखी आजवर कुणालाच दिलं नव्हतं.

छपाई सुरू झाली आणि नेमकं मावशीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. ताई दोन दिवस आली नाही.

तिसऱ्या दिवशी खोके तयार होते. घडी घातलेले, बांधलेले, तळाशी ‘मातीत मिसळणारा खोका’ असं छापलेले. हाताला मऊ, नजरेला मंद. ताई खूश झाली. मग कचऱ्याच्या पिंपात तिला फिल्मच्या कातरणी दिसल्या, भुश्शासारख्या, काठोकाठ.

“हे काय आहे?”

मशीनवाल्यानं मान खाली घालून सांगितलं. वेळ वाचावा म्हणून त्यानं तावांची थप्पी छातीइतकी चढवली होती. दुसऱ्या सकाळी चिकटून तिची वीट झाली होती. भावानं पुन्हा छापून घेतलं आणि वरून बिनचकाकीची मॅट फिल्म मारली.

ताई तडक भावाच्या टेबलापाशी गेली.

“तळावरचं वाक्य तरी खोडायचंस!”

“ताई, हळू बोल. तारीख दिली होती. आणि कुणाला कळतंय? दिसायला सेम टू सेम.”

“मला कळतंय.”

“तू काय कुंडीत बसणार आहेस का बघायला?”

“हिरवं पान छापायचं आणि तेच लोकांच्या तोंडाला पुसायचं! लाज नाही वाटत? माझी सही आहे तिच्याकडे.”

“सही तुझी, छापखाना आपला,” भाऊ म्हणाला. मग आवाज उतरवून, “एवढी खेप जाऊ दे. पुढच्या वेळी तुझ्या मनासारखं करू. ती आत्ता येतेय. तू फक्त हो म्हण. तुझ्यावर विश्वास आहे तिचा.”

हे शेवटचं वाक्य ताईला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. खोटं बोलायला यांना खऱ्या माणसाचंच तोंड लागतं! इतकी वर्षं तिनं कमावलं ते हेच, आणि आता तेच चिकटवायला काढलं होतं, गरम रोलरखाली, सुरकुती न पडता.

साबणवाली आली. खोका हातात घेऊन तिनं त्यावरून अंगठा फिरवला.

“किती सुरेख झालाय! ताई, हाच ना तो पाण्याचा लेप?”

“तोच, तोच,” भाऊ म्हणाला.

“तुम्हांला नाही, मी ताईंना विचारतेय.” ती हसली. “त्या म्हणाल्या की झालं.”

भाऊ ताईकडे बघत राहिला. लहानपणी काही फोडलं की असाच बघायचा, आणि ताई ते स्वतःवर घ्यायची.

ताईनं तिच्या हातातून खोका घेतला, झाकण चिमटीत धरलं आणि ओढलं. कागद फाटला. फिल्म फाटली नाही. दोन तुकड्यांच्या मध्ये ती पांढुरकी, लांब, लोंबत ताणली गेली. ताई ओढत राहिली, तशी ती आणखी लांबली. साबणवालीचं हसू ओठांवरच थिजलं.

“ताई, अगं—” भाऊ उठला.

ताईनं तो लोंबकळता खोका साबणवालीच्या तळहातावर ठेवला. कमरेचा ॲप्रन सोडून टेबलावर टाकला, चपला पायांत सरकवल्या आणि बाहेर पडली.