शनिवारचं तेल आणि पेरुमाळांचं रेझिन

आता तुमच्यापासून काय लपवू? चेन्नईत मी एका सज्जन माणसाचा धंदा बुडवत आणला होता, आणि तोही स्वच्छ न्हाऊन-माखून!

मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नवा होतो. काम काय, तर केसाहून बारीक काचेच्या तंतूवर रेझिनचा, म्हणजे चिकट राळेचा, थेंब ठेवायचा, तो कडक झाला की यंत्रात धरून तंतू ओढायचा. थेंबाची पकड घट्ट, तर मोटारीचा भाग टिकाऊ. यंत्र आठवडाभर सीनियर लोकांकडे. माझ्या वाट्याला शनिवार.

आणि शनिवारी आमच्या घरमालकीणकाकू मला सोडत नसत. काकू तंजावरी मराठी, पण रिवाज तिकडचा. शनिवारी पुरुषांनी डोक्याला तिळाचं तेल चोपडून न्हायचं.

"तेल न लावतां जातोस काय रे? आंगांत सूडु चढेल!"

सूडु म्हणजे उष्णता. मे महिन्यातल्या चेन्नईत ह्यावर वाद कोण घालणार?

हातमोजे घातले की तंतू बोटांना लागायचाच नाही. म्हणून मी ते काढून ठेवायचो. वर विचार करताना केसांतून हात फिरवायची खोड! थेंब सटासट सुटू लागले.

"सर, रेझिनच भिकार आहे," मी आमच्या प्रमुखांना, नटराजन सरांना, सांगितलं.

"खात्री आहे?"

"शंभर टक्के!"

सरांनी ऑर्डर थांबवली. रेझिन बनवणाऱ्या पेरुमाळांचा अंबत्तूरला छोटासा कारखाना, आमच्याच ऑर्डरवर चाललेला. पुढच्या शनिवारी ते स्वतः ताजा डबा घेऊन आले. चेहरा पार उतरलेला. मला वाईट वाटलं हो, पण विज्ञान म्हणजे विज्ञान!

त्यांच्यादेखत थेंब लावला. दुपारी ओढला. सट्!

"सॉरी सर," म्हणत मी गंभीरपणे हात पुढे केला. पेरुमाळांनी तो धरला, आणि सोडेचनात. मग स्वतःची बोटं एकमेकांवर चोळली, नाकाशी नेली.

"तंबी, तिळाचं तेल?" तिकडे धाकट्याला प्रेमाने तंबी म्हणतात.

"हो, आज शनिवार ना..." म्हणालो, आणि जागीच गार पडलो.

नटराजन सर पुढे झाले. त्यांनी मोजे चढवले, नवा तंतू घेतला, थेंब स्वतः लावला. संध्याकाळी ओढला तर तंतू तुटला, पण थेंब हलला नाही. पेरुमाळांनी डोळे पुसले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी हात जोडले, पाया पडायचंच बाकी ठेवलं.

"असू दे, तंबी," ते म्हणाले. मग सरांकडे वळले, "पण सर, एवढ्या चांगल्या हातांचं इथे काय काम?"

ऑर्डर पुन्हा सुरू झाली. सोमवारी माझी बदली साच्यांच्या विभागात. तिथे तयार भाग साच्यातून अलगद सुटावा म्हणून आतून मेण चोळावं लागतं. मी मेणाचा डबा कुठे असतो विचारलं.

सर म्हणाले, "तुम्हाला कशाला डबा? नुसता हात फिरवा."