उचललेला बेलभंडार

मागच्या पावसाळ्यात नांदेडच्या एका दवाखान्यात मला छातीच्या ऑपरेशनसाठी आत नेणार होते. त्या सकाळी बायकोने पदराची गाठ सोडली, कागदाच्या पुडीतला भंडारा चिमटीत घेतला आणि माझ्या कपाळाकडे हात आणला. मी तोंड फिरवलं. तिचा हात तसाच हवेत राहिला. "आज तरी न्हाई म्हणू नका हो," एवढंच ती म्हणाली. नर्स आली, खाट ढकलत घेऊन गेली, आणि मी छताचे दिवे मोजत मनात म्हणत होतो, देवा, मला वाचव असं तुला म्हणायचंही तोंड मला राहिलेलं नाही.

आमचं गाव कुरुंद्याजवळ आहे. पिढ्यान्‌पिढ्या हळदीचं रान. आमचे तळहात, नखं, उंबरे, पोती, सगळं पिवळं असतं. अशा घरातल्या माणसाच्या कपाळाला तेहेतीस वर्षांत हळदीचं बोट लागलं नाही, ही गोष्ट गावाच्या नजरेतून सुटली नव्हती. लोक म्हणायचे, वाचून वाचून याचा देवावरचा विश्वास उडाला. मी ते खोडून काढलं नाही. विश्वास उडालेला माणूस म्हणवून घेणं मला सोयीचं होतं. खरं सांगायचं तर विश्वास होता म्हणूनच मी भंडाऱ्याला भीत होतो.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. शेतात हळद शिजवायचं काम चाललं होतं. तेव्हा आजच्यासारखे कुकर नव्हते. मोठ्या काहिलीत ओली हळद भरायची, वरून पाला आणि पोती दाबायची आणि खाली भट्टी पेटती ठेवायची. त्या कामाला दरसाल औंढ्याकडच्या तांड्यातून धनसिंग आणि त्याची बायको येत. धनसिंग माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठा, मोजकं बोलणारा, भट्टीचा पक्का जाणकार. त्या दुपारी मी त्याला म्हणालो, "धनसिंगभाऊ, तुम्ही जेवून या, मी बसतो भट्टीजवळ." तो गेला. आणि शेजारच्या गावात जत्रेच्या कुस्त्या होत्या. एक कुस्ती बघून येऊ, तेवढ्यात काय होतंय, असं म्हणून मी सायकल काढली.

परत आलो तेव्हा भट्टीची ठिणगी उडून शेजारच्या किसनरावांची कडब्याची गंजी जळून गेली होती आणि गोठ्याच्या कुडाच्या भिंती धुमसत होत्या. आत अडकलेली कालवड धनसिंगने ओढून काढली होती. त्याचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला होता. गावाने विचारलं, भट्टीजवळ कोण होतं? मी म्हणालो, "धनसिंगच्या हवाली करून गेलो होतो." तो म्हणाला, "धाकल्या मालकानं मला जेवायला धाडलं." दोन बोलणी झाली. मग पंचांनी महादेवाच्या देवळात नेलं आणि सांगितलं, ज्याचं खरं असेल त्याने बेलभंडार उचलावा. आमच्याकडे यापुढे वाद नसतो. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन माणूस बोलला की ते देवाच्या दप्तरी गेलं.

मी उचलला. हात थरथरला नाही, हे मला आजही आठवतं.

धनसिंगला म्हणाले, आता तू उचल. तो मागे सरला. "पोटाच्या भांडणात देवाला मधी काहून घेता? म्या सांगितलं ते सांगितलं," असं म्हणून तो पायरी उतरला. त्याने उचलला नाही, म्हणजे तोच खोटा, असं ठरलं. दिवस मावळायच्या आत नवरा-बायको अर्धी हळद काहिलीत सोडून निघून गेले. त्यानंतर आमच्या भागातल्या कोणत्याही गावाने त्याला हळदीला बोलावलं नाही.

माझ्या वडिलांना सगळे अण्णा म्हणत. त्या दिवसापासून अण्णांच्या दोन सवयी बदलल्या. एक म्हणजे घरात पूजा झाली की ते सगळ्यांच्या कपाळाला स्वतः भंडारा लावायचे, पण माझ्यापाशी आले की ताट पुढे करून म्हणायचे, "तुझं तू लाव." मी लावत नसे, आणि ते पुढे जात. दुसरी म्हणजे दरवर्षी पहिल्या काहिलीची हळद वाळली की तिचं एक गाठोडं बांधून ते औंढ्याला जायचे. विचारलं तर म्हणायचे, देवाची आहे. अकरा वर्षांपूर्वी अण्णा गेले. गाठोडं न्यायचं मी कधी मनावर घेतलं नाही. त्या वाटेने जायचंच टाळत होतो.

दवाखान्यातून बरा होऊन आलो. पुण्याला नोकरी करणारी आमची मुलगी पल्लवी डिसेंबरात सुट्टी काढून आली आणि म्हणाली, पप्पा, मोकळ्या हवेत दोन दिवस जाऊ, तळ्याकाठी तंबूत राहू. बायको म्हणाली, "घरी पलंग असून माणूस कापडाखाली झोपायला जातं का? तुझा बाप आयुष्यभर खळ्यावर झोपला, तवा कुनी त्याला कॅम्पिंग म्हणलं न्हाई." पण लेकीपुढे तिचं चाललं नाही. पल्लवीने एका मोठ्या धरणाच्या काठी जागा ठरवली होती. आम्ही अर्ध्या वाटेत असताना तिथल्या तंबूवाल्याचा फोन आला, वाऱ्याने तंबू फाटलेत, येऊ नका. त्यानेच दुसरा नंबर दिला. औंढ्याच्या डोंगरात एक लहानसं तळं आहे, तिथे तांड्यातली कविता नावाची एक बाई पाच-सहा तंबू लावते, जेवण चांगलं देते, म्हणाला. औंढा म्हणजे मी टाळलेली वाट. माघारी फिरू, असं म्हणायला माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं.

जागा मात्र सुंदर होती. तीन बाजूंना सागाच्या टेकड्या, मध्ये निवांत पाणी, पाण्यावर बदकांच्या रांगा. काठाशी निळे तंबू, जरा वर चुलीचा मांडव. कविता चटपटीत होती. बायकोची आणि तिची भाकरीच्या पिठावरून लगेच गट्टी जमली. ऊन उतरल्यावर ती म्हणाली, "शेकोटी मामंजी लावतील. त्यांच्याशिवाय हितं कुनी काडी वढत न्हाई, तसा कायदाच हाय त्यांचा."

तिचा सासरा आला. सत्तरीचा, वाळलेला, हातात विळा. आधी त्याने खड्ड्याभोवतीचं वाळलेलं गवत दोन-दोन हात कापून काढलं. मग दगड रचले. मग तळ्यातून पाण्याच्या दोन घागरी आणून जवळ ठेवल्या. वारा कुठून आहे ते मूठभर धूळ सोडून पाहिलं. पल्लवी हसत म्हणाली, "काका, एवढीशी शेकोटी, आणि केवढी ही तयारी!"

"बाई, विस्तव लहान-मोठा नसतो," तो म्हणाला. "एकदा दुसराच कुनी सोडून गेला, आन् नाव माझं लागलं. तवापासून ही खोड हाय."

बोलता बोलता त्याने बाही वर सारली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी चुरगळलेल्या कागदासारखी होती. माझ्या हातातला चहा मांडीवर सांडला. बायको म्हणाली, "काय झालं हो?" मी म्हणालो, काही नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि फडकं पुढे केलं. "पुसा सायेब. गरम हाय." ओळखल्याची खूण त्याच्या तोंडावर दिसली नाही. मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं. तरीही मी बोललो नाही. तंबूत पडल्या पडल्या औंढ्याच्या नागनाथाला म्हणालो, मला काही जमत नाही रे, तूच काय ते कर. तेहेतीस वर्षांत मी देवाकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं.

उजाडलं तसा बाहेर आलो. तळ्यावर धुकं होतं, टेकड्या दिसत नव्हत्या. धनसिंग शेकोटीच्या खड्ड्याशी उकिडवा बसला होता आणि राखेत हात घालून ती चाचपत होता. कुठे उबारा राहिलाय का ते बघत होता. मागे न वळताच तो म्हणाला, "या धाकले मालक. बसा. चहा ठेवून राहिलो."

मला तेहेतीस वर्षांत कोणी त्या नावाने हाक मारली नव्हती. मी बसलो नाही, बसवला गेलो. जे सांगायचं ते तुटक तुटक, रडत सांगू लागलो. भट्टी, सायकल, कुस्ती. त्याने मध्येच हात वर केला.

"मला काय सांगून राहिले? मला म्हाईत हाय की! म्या तिथंच व्हतो." आणि तो चक्क हसला. मग हसू मावळलं. "तुमच्या अन्नांना बी म्हाईत व्हतं."

"अण्णांना? कसं?" मी विचारलं.

"आठ दिसांनी पायी तांड्यावर आले व्हते. दारात बसले. म्हनले, पोराच्या पायाला लाल माती व्हती धनसिंग. आपल्या काळ्या रानात लाल माती कुठून येती? आखाड्यातून. म्हनले, म्या गावात सांगतो. मग गप झाले. मग म्हनले, म्या सांगितलं तर त्यानं सांगायचं राहूनच जाईल. तू थांबशील का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्या काय म्हननार! राग आला. बापाला लेक प्यारा, माझं काय? दोन साल बोललो न्हाई त्यांच्याशी. ऊस तोडून राहिलो व्हतो परमुलखात, बायकोची लई तकलीफ झाली. पर अन्ना दरसाल यायचे. हळदीचं गाठोडं ठेवायचे आन् न बोलता जायचे. तिसऱ्या साली मीच म्हनलो, बसा, भाकर खा." त्याने राख झटकली. "अकरा साल झाले, गाठोडं आलं न्हाई. तवा समजलो, अन्ना गेले."

ते देवाचं गाठोडं कोणत्या दारी जात होतं, ते मला त्या धुक्यात कळलं. आणि "तुझं तू लाव" म्हणत ताट धरलेला अण्णांचा हातही दिसला. ते मला टाळत नव्हते. दरवेळी एक संधी देत होते, आणि मी दरवेळी ती ताटात तशीच ठेवत होतो.

मी धनसिंगच्या पायाला हात लावायला वाकलो. त्याने पाय मागे घेतला. "हितं मला सांगून तुमची छाती हलकी होईल. माझं नाव तिकडं गावात पडलंय, हितं न्हाई. जिथं उचलला तिथंच ठेवा."

परतीच्या वाटेत गाडी थांबवून मी बायकोला आणि लेकीला सगळं सांगितलं. पल्लवी रडली. बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सोमवारी जायचं ना देवळात? मी येते."

सोमवारी महादेवाच्या आरतीनंतर मी लोकांना थांबवलं. त्या वेळच्या पंचांपैकी कोणी उरलं नव्हतं; किसनराव होते, ऐंशी ओलांडलेले, काठी टेकून. बेलाचं पान आणि हळद मी हातात घेतली. या वेळी हात इतका थरथरला की हळद पायरीवर सांडली. जे झालं ते झालं तसं सांगितलं आणि पान-हळद पिंडीपाशी खाली ठेवली. कोणीतरी मागून म्हणालं, "एवढं सांगायला म्हातारपण यावं लागलं व्हय?" त्याचं बरोबरच होतं. किसनराव काठी टेकत पिंडीपर्यंत आले. मग म्हणाले, "त्या कालवडीची सात वेतं झाली माझ्या दारात. आन् जेनं ती वाचिवली त्यालाच म्या शिव्या घातल्या." ते माझ्याकडे न बघता निघून गेले. अजूनही माझ्याशी फारसं बोलत नाहीत. तो त्यांचा हक्क आहे.

घरी आल्यावर बायकोने ताट पुढे केलं. "तुमचं तुम्ही लावा," ती म्हणाली. अण्णांचेच शब्द, त्यांच्यामागे अकरा वर्षांत घरात कोणी उच्चारले नव्हते. मी बोट बुडवलं आणि लावलं. कपाळावर एवढीशी हळद, पण दिवसभर तिचं वजन जाणवत होतं.

हे सगळं कोणी घडवलं, ते मी सिद्ध करायला बसलेलो नाही. वाऱ्याने तंबू फाटतात, फोन येतात, वाट बदलते. मी एवढंच म्हणेन की मी पळत होतो आणि मला कोणीतरी फार हलक्या हाताने वळवलं. तेहेतीस वर्षं मला वाटत होतं, देवापुढे जायचं तर आधी स्वच्छ व्हायला हवं. तसं नसतं. जसे आहोत तसे त्याच्या हवाली व्हायचं असतं. पुढचं तो बघतो, पण पाय आपल्यालाच उचलावे लागतात.

यंदाच्या पहिल्या हळदीचं गाठोडं घेऊन मार्चमध्ये मी तळ्यावर गेलो. किसनरावही आले होते, वाटभर एक शब्द न बोलता. उतरल्यावर त्यांनी धनसिंगचा तो भाजलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि दोघं म्हातारे तसेच उभे राहिले. मग धनसिंगने गाठोडं सोडलं, एक हळकुंड घेऊन मोडलं. खणखणीत आवाज आला. आतला रंग उन्हात धरून पाहिला.

"बराबर शिजली," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "विस्तवाजवळ कोन बसलं व्हतं?"

"मीच," मी म्हणालो. "राखेत हात घालूनच उठलो."