मागचा टायर

आमच्या भावोजींइतका वेळ लावून मोटरसायकलचा टायर निवडणारा माणूस बदलापूर-अंबरनाथच काय, जिथवर डांबर पोचलंय तिथवर कुठेही सापडायचा नाही, हे मी पैजेवर सांगते. बरं, हाच माणूस बाकीच्या बाबतींत इतका झटपट की विचारू नका. बेलवलीतला फ्लॅट त्यांनी जिना चढता चढता पसंत केला. पोरीला बघायला मुलगा आला, तर त्याची पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत यांनी आत येऊन ताईला सांगितलं, "मुलगा चांगला आहे, जिलेबी मागवू का?" पण त्यांच्या त्या शंभर सीसीच्या मोटरसायकलला नवा टायर घ्यायचा म्हटला, की मग मात्र पत्रिका बघितल्याशिवाय पुढे बोलणं नाही. थट्टा नाही करत. टायरच्या कडेला तो कुठल्या आठवड्यात आणि कुठल्या साली तयार झाला ते कोरलेलं असतं म्हणे. भावोजी खिशातला चष्मा काढून ते आधी वाचतात, मग अंगठ्याचं नख रबरात रुतवतात, मग वास घेतात, आणि हे सगळं झाल्यावर "विचार करून सांगतो" म्हणून घरी येतात.

त्यांचा अभ्यास बारा महिने चालतो. अंबरनाथला आमच्याकडच्या एका लग्नात जेवणाच्या वेळी भावोजी गायब. थोड्या वेळाने हॉलचा वॉचमन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, वो झब्बावाले अंकल आपके हैं क्या?" क्षणभर नाही म्हणावंसं वाटलं, पण ताई शेजारीच उभी होती. जाऊन बघते तर झब्बा-सलवारमधले भावोजी पाहुण्यांच्या मोटरसायकलींमध्ये उकिडवे बसून मोबाइलच्या उजेडात टायर बघताहेत! चिखलोलीला त्यांचे एक जुने सोबती वारले तेव्हाही तेच. सगळे खाली माना घालून बसलेले. भावोजी दारातली गाडी बघून आत आले आणि मयताच्या मुलाला म्हणाले, "बाबांच्या गाडीचे टायर बघितलेस? कुठे वेडंवाकडं झिजलेलं नाही. कधी कचकन ब्रेक नाही, कधी कोणाला कट मारणं नाही. फार सरळ माणूस रे." मी लाजेने कपाळाला हात लावला, पण तो मुलगा त्यांच्या गळ्यात पडून जो रडला! त्या दिवशी त्याच्या बाबांबद्दल याहून बरं कोणी काही बोललं नव्हतं.

त्यांचं तत्त्व एकच: पुढचा टायर आपला, मागचा बायकोचा. माझी ताई लग्न झाल्यापासून त्यांच्या मागे एका बाजूला पाय टाकून बसत आलेली. रविवारी संध्याकाळी दोघं बारवी धरणाच्या रस्त्याला जायची, आणि जाऊन-येऊन ताईच्या तोंडाचा पट्टा चालू. हेल्मेटमधून यांना निम्मं ऐकू यायचं, पण मान मात्र प्रत्येक वाक्याला हलायची. मी चिडवायची, "भावोजी, नक्की कळतं का काही?" तर म्हणायचे, "मेव्हणीबाई, कळायला कशाला पाहिजे? आवाज येतोय म्हणजे मागे बसलीय."

गेल्या वर्षी ताईचा मणका सरकला. अंथरूण झालं, पट्टा आला, आणि डॉक्टरांनी बजावलं की दुचाकीचं नावही काढायचं नाही. गाडीवर पार्किंगमध्ये कव्हर पडलं. एवढा बडबड्या, थट्टेखोर माणूस. पण भाजी आणायलाही चालत जायला लागला. मी म्हटलं, "अहो, गाडी आहे ना खाली?" तर म्हणाले, "मागे कोणी नसलं की हलकी लागते. नको वाटतं." एवढंच. मग कित्येक महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, जवळच्या जवळ, हळू, धक्का बसणार नाही असं एकदा बसून बघायला हरकत नाही. भावोजींनी त्याच संध्याकाळी कव्हर काढलं, मागच्या टायरवर हात फिरवला, तो गुळगुळीत! आणि मग आमच्या सगळ्यांच्या मागे जी साडेसाती लागली, ती लागलीच.

माझ्या मागे जरा जास्तच. एका रविवारी सकाळी माझ्या दारात हजर. ओळखीपाळखीच्यांच्या मोटरसायकली मागून आणलेल्या, प्रत्येकीचा टायर वेगळ्या कंपनीचा. हातात काठोकाठ भरलेला पितळी तांब्या. म्हणाले, "मागे बसा आणि हा मांडीवर धरा. ज्या टायरवर पाणी कमी सांडेल तो आपला." मी म्हटलं, "मीच का?" तर शांतपणे म्हणतात, "ताईच्या वजनाचं माणूस नात्यात तुम्हीच आहात." दुसरं कोणी असतं तर तो तांब्या तिथेच डोक्यात रिकामा केला असता! पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघून बसले. रस्त्याच्या खड्ड्याखड्ड्यांतून माझी ही वरात निघाली. प्रत्येक खड्ड्याला पुढून प्रश्न, "किती सांडलं?" पहिल्या गाडीवर ओढणी भिजली, दुसरीवर गुडघे, तिसरीवर तर काही बोलायची सोय नाही. मी शाळेत शिकवते. सोमवारी वर्गात गेले तर मागच्या बाकावरून आवाज, "बाई, काल पाणी कुठे पोचवत होतात?"

एवढं करून टायर ठरला, तरी उल्हासनगरच्या दुकानात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या आकाराचे सगळे टायर खाली काढायला लावले. दुकानदार म्हातारे सिंधी शेठ, भावोजींना वर्षानुवर्षं ओळखणारे. शेवटी त्यांनीही हात जोडले. "साईं, टायर है, दामाद नहीं है. उठा लो कोई भी."

"दामाद के घर से बेटी वापस आ सकती है, शेठ," भावोजी नख रुतवत म्हणाले. "इसपे मेरी घरवाली बैठने वाली है."

शेठ उठले. आत गेले आणि पोटमाळ्यावरून स्वतः आणखी एक टायर घेऊन आले. तोच पसंत पडला.

बसायच्या दिवशी त्यांची सगळी बिल्डिंग गॅलरीत. चाकात हवा किंचित कमी, सीटवर दुहेरी उशी. ताई पट्टा बांधून, साडी सावरून बसली आणि गाडी निघाली. काय ती गती! शेजारचा लंगडा कुत्रा त्यांना मागे टाकून पुढे गेला आणि वळणावर त्यांची वाट बघत थांबला. मी गेटवर जीव मुठीत धरून उभी. नाक्यापर्यंत जाऊन दोघं परत आली. ताई अलगद उतरली, उभी राहिली, कंबर वळवून बघितली. "काही नाही झालं हो! टायर छान आहे," म्हणाली. गॅलरीतून टाळ्या पडल्या. आणि मग तिने यांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हटलं, "पण अहो, मला ना, आता रिक्षाच बरी." भावोजींनी चावी काढून खिशात टाकली. मग "बरं" म्हणाले आणि कव्हर आणायला गेले.

मी स्वयंपाकघरात तिला चांगलं फैलावर घेतलं. "अगं, त्या माणसाने तुझ्यासाठी एवढा आटापिटा केला, मला पाण्यात बुडवलं, आणि तू रिक्षा म्हणतेस? दुखलं का खरं सांग."

"माझं काही दुखलं नाही गं," ताई चहा गाळत म्हणाली. "पण जाऊन येईपर्यंत यांनी श्वास घेतला नाही. पाठ लाकडासारखी. मी एवढं बोलले, एकदा मान हलली नाही. माझी कंबर सांभाळता सांभाळता हेच आजारी पडायचे. टायर कितीही मऊ आणला, तरी यांच्या जिवाला कुठला टायर लावू?"

त्यानंतर गाडी तिथेच आहे. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, ते अजून तसेच आहेत; भावोजी फडक्याने पुसतात तेव्हा तेही जपून पुसतात. रविवारी संध्याकाळी दोघं रिक्षाने निघतात. ताई आत बसते, आणि भावोजी खाली वाकून रिक्षाचे टायर बघतात. एकेक, तिन्ही. रिक्षावाला बोंबलतो, "काका, भाडं मारायचंय की आरटीओचं पासिंग करायचंय?" पण नख रुतवल्याशिवाय हे आत पाऊल टाकत नाहीत.

परवा मी विचारलं, "भावोजी, खरं सांगा, गाडीची आठवण येते की नाही?"

"येते की," म्हणाले. मग ताई ऐकत नाही ना हे बघून म्हणाले, "पण मेव्हणीबाई, एवढी वर्षं ती पाठीमागे बसून बोलली. बोलताना तुमची ताई हसते किती, ते मला आत्ता दिसायला लागलंय."