गोटेगुरुजींची एक चिठ्ठी

गोटेगुरुजी दगड चाटायचे. भर स्टाफरूममध्ये, हेडमास्तर समोर बसलेले असताना खिशातून गोटा काढायचे, शर्टाला पुसायचे आणि त्याला जीभ लावायचे. जिभेला चिकटला तर हाड, नाही चिकटला तर दगड, आणि लाकडाचा असेल तर ओला झाल्यावर आतली वर्तुळं दिसतात, असं त्यांचं शास्त्र होतं. नव्याने आलेल्या एका मॅडमनी ते पाहिलं आणि उघडलेला डबा तसाच बंद केला. मी त्याच वर्षी गणित शिकवायला रुजू झालो होतो. त्यांचं 'गोटेगुरुजी' हे नाव पहिल्याच आठवड्यात मी ठेवलं. पुढे पोरं त्यांचं खरं आडनाव विसरली, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

आमची शाळा देवरी तालुक्यातली, चिचगडच्या अलीकडची. ही गोष्ट १९९९ची, मला रुजू होऊन बारा वर्षं झाल्यावरची. भंडाऱ्यातून फुटून गोंदिया जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. लोकांना आनंद हा की कलेक्टर जवळ आला. गुरुजींचा आनंद भलताच होता. त्यांच्याकडे दोनशेच्या वर जीवाश्म होते, पण सगळे बाहेरचे: कुठे चंद्रपूरकडचे शंख, कुठे सिरोंच्याचं दगड झालेलं लाकूड. प्रत्येकाखाली सुवाच्य अक्षरात एक चिठ्ठी: गाव, तालुका, जिल्हा, तारीख आणि कुणाला सापडला त्याचं नाव. "चिठ्ठी नाई तं तो नुसता गोटा हाये," असं ते पोरांना सांगत. आता नव्या जिल्ह्याच्या नावाची पहिली चिठ्ठी आपली असावी, एवढीच त्यांची हाव होती.

गंमत अशी, की आमच्याकडे जीवाश्म सापडूच शकत नाही. इथला खडक इतका जुना, की तो तयार झाला तेव्हा ना झाड होतं ना हाड. नागपूरच्या एका प्राध्यापकांशी गुरुजींचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता, त्यांनीच हे कळवलेलं. गुरुजींना ते पटलेलंही होतं. तरी दर रविवारी पिशवी आणि हातोडी घेऊन ते खदानी पालथ्या घालायला निघत. एखादं डबकं तरी मागाहून साचलं असेल, त्यात एखादं पान तरी पडलं असेल, असं म्हणत.

त्यांच्यात एक खोट होती, आणि ती आम्हाला फार उपयोगी पडली. कुणी काही जमवलेलं दिसलं की गुरुजींचा जीव खालीवर व्हायचा. "एक नाद माणसाले पुरते. दुसरा आला का पयला उपाशी मरते," हे ते सांगायचे आम्हाला, पण बजावायचे स्वतःला. आम्ही मुद्दाम टेबलावर काडीपेटीचे जुने छाप पसरून ठेवायचो. गुरुजी हात पाठीमागे बांधून पाहायचे, निघून जायचे, वर्ग अर्धा टाकून परत यायचे. मधल्या सुट्टीपर्यंत टिकतात की नाही यावर आमची चहा-बोंड्याची पैज लागायची. ते कधीच टिकले नाहीत. काडीपेट्या झाल्या, पोस्टाची तिकिटं झाली, पाखरांची पिसं झाली, अडकित्ते झाले. माझ्या आजोबांचे भोकाचे पैसे मी त्यांना महिनाभर नुसते दाखवत होतो, आणि मग उपकार केल्यासारखे दिले. गुरुजींच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, लग्नातली पेटी रिकामी करून दिली होती. त्या मला म्हणाल्या, घरात सून आली तर तिला ठेवायला जागा नाही, काडीपेट्या मात्र ऐसपैस राहून राहिल्या.

एकदा चहा पिता पिता गुरुजी बोलून गेले, की आपल्या जिल्ह्यातला एक जीवाश्म सापडू द्या, त्या दिवशी बाकीचे सगळे नाद सोडतो. सगळे हसले. माझ्या डोक्यात मात्र किडा शिरला.

माझा साडू सिरोंच्याला नोकरीला. त्याच्या अंगणात दगडी लाकडाचे तुकडे पायरीला लावलेले. दिवाळीला गेलो तेव्हा वीतभर तुकडा पिशवीत घालून आणला. आमच्या शेतातली बोडी, म्हणजे पाणी साठवायचं छोटं तळं, त्या वर्षी खोल करायला घेतली होती. उपसलेल्या मुरुमाचे ढीग काठावर पडलेले. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तुकडा एका ढिगात कोपरभर आत खोचला आणि गुरुजींना म्हणालो, आमच्या बोडीकडे एकदा चक्कर मारा. हेही सांगून टाकतो, की गुरुजींचे वडील आमच्याच धानाच्या बांध्यांमध्ये मजुरीने रोवणीला येत. त्यांच्या मोहल्ल्यातले गुरुजी पहिले मास्तर.

रविवारी मी काठावर उभा राहून पाहत होतो. तुकडा हाती लागला तेव्हा त्यांनी आधी तो चाटला. मग खाली बसले. बराच वेळ बसले. मी जवळ गेलो तर डोळे पुसत होते, आणि मला म्हणाले, "मास्तर, तुमची बोडी हाये, चिठ्ठीवर तुमचंही नाव टाकतो." त्यांच्या कपाटात सिरोंच्याचे चार तुकडे होते. दुसऱ्या कुणी हा तुकडा आणून दिला असता तर त्यांनी एका चाटण्यात त्याचं गाव सांगितलं असतं. पण हवी असलेली गोष्ट हातात आली की माणूस आंधळा होतो, आणि मी त्याच भरवशावर होतो.

बाकीच्या मास्तरांना मी सांगून ठेवलं होतं, आणि ठरलं असं होतं, की सोमवारी स्टाफरूममध्ये बिंग फोडायचं आणि हसायचं. सोमवारी गुरुजी मोठी पिशवी घेऊन आले. तिकिटं पोरांना वाटली. पिसांचा डबा प्रयोगशाळेत दिला. भोकाचे पैसे माझ्या हातावर ठेवले. काडीपेट्यांचे छाप वहिनींनी चुलीत घातले होते, तेही हसत सांगितलं. प्राध्यापकांना पत्र सकाळीच टाकून आलो म्हणाले. बिंग कुणीच फोडलं नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि मला तर आता पुढची गंमत पाहायची होती.

प्राध्यापकांचं उत्तर आलं: नमुना घेऊन या, खरा निघाला तर तुमचा सगळा संग्रह इथल्या कपाटात तुमच्या नावाने मांडू. गुरुजींनी लग्नातला कोट काढला. सोबत मी गेलो. का गेलो, तर तमाशा चुकू नये म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

प्राध्यापक सज्जन होते. त्यांनी तुकडा भिंगाखाली धरला, सुईने फटीतली माती काढून कागदावर घेतली, आणि त्यांचा चेहरा बदलला. भोवती पाच-सहा विद्यार्थी उभे होते. हे सिरोंच्याचं लाकूड आहे, म्हणाले, आणि मातीही तिकडचीच आहे. गुरुजींनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. दिवाळीला मी कुठे गेलो होतो ते त्यांना ठाऊक होतं. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"तुमच्यावर माझा विश्वास होता," प्राध्यापक म्हणाले. "एक चिठ्ठी तुम्ही खोटी लिहिली. आता बाकीच्या दोनशे मी खऱ्या कशा मानू?"

एक वाक्य बोलायचं होतं मला. सर, हा मी ठेवला, यांना माहीत नाही. बस, एवढंच. विद्यार्थ्यांसमोर दोन शिव्या खाल्ल्या असत्या आणि विषय संपला असता. मी खिडकीबाहेरच पाहत राहिलो. गुरुजी म्हणाले, लिहिण्यात माझी चूक झाली. तुकडा टेबलावरच ठेवून ते उठले. परतीच्या एसटीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

त्यानंतर गुरुजींनी दगड उचलला नाही. संग्रह टोपल्यांनी नेऊन खदानीत ओतला, चिठ्ठ्या जाळल्या. मी भोकाचे पैसे परत घेऊन गेलो तर म्हणाले, मले नको. नवे मास्तर जुनी घड्याळं आणून समोर ठेवायचे, त्यांची पैज लागायची, आणि गुरुजी वह्या तपासत राहायचे. आता पैज प्रत्येक वेळी तेच जिंकत होते. माझ्याशी ते नीट वागले, आणि ते मला सहन होत नसे. वेळापत्रक विचारत, खडू देत, माझ्या पोरीच्या लग्नात पंगतीला वाढायला उभे राहिले. मी मनाची समजूत घातली, की त्यांना कळलंच नाही. अशी समजूत दहा वर्षं टिकते, मी टिकवली आहे.

ते निवृत्त झाले, आणि तीन वर्षांनी पोटाचा आजार निघाला. डॉक्टरांनी घरी न्या म्हटल्याचं कळलं तेव्हा मी गेलो. खाटेवर हाडं तेवढी उरली होती. वहिनी दारात तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं: साडू, पायरी, मुरुमाचा ढीग. सांगताना रडलो, ते खरं रडणं होतं.

गुरुजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मले त्या टेबलावरच समजलं होतं," ते म्हणाले. "गोट्याचं काई नाई. तुमी एसटीत बोलान म्हून मी वाट पाह्यली. साकोली गेली, मंग देवरी आली. उतरलो तरी मी थांबलो होतो, चप्पल तुटली म्हून. चप्पल तुटली नवती. मंग दहा वर्सं बाजूच्याच खुर्चीवर होतो ना मी, मास्तर. आता मरून राहिलो तं सांगाले आले. कायले? तुमाले हलकं वाटावं म्हून? नाई. मी नाई करत माफ."

आवाज चढलेला नव्हता. मग त्यांनी वहिनींना मास्तरला चहा द्यायला सांगितलं आणि भिंतीकडे कूस वळवली. वहिनींनी चहा आणला. मी तो प्यायलो. न पिता उठायची हिंमत नव्हती.

गुरुजी मला आवडायचे. हे मी त्यांना कधी म्हटलं नाही, आणि आज इथे लिहून त्याचा काही उपयोग नाही. शाळेत तीस वर्षं काढली, पण खोटं बोलता न येणारा माणूस तो एकच पाहिला, आणि त्याला खोटारडा ठरवताना मी शेजारी बसलो होतो.

पंधरा दिवसांनी ते गेले. सगळं गाव आलं होतं, जुनी पोरंही आली होती. तिरडी उचलायची वेळ झाली तेव्हा मी चपला काढून पुढे झालो आणि खांद्यावरचा दुपट्टा सरळ केला. वहिनी बायकांमधून उठून आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"तुमी नका," म्हणाल्या.

माझ्या जागी दुसऱ्याने खांदा दिला. मी वाट सोडून भिंतीला लागून उभा राहिलो, आणि सगळे पुढे गेल्यावर मागून चालत गेलो.